पोफळी ते कराड: २२० केव्ही लाईनीच्या कडेकडेने ड्रोन

चिपळूण ते कराड हा रस्ता जेमतेम शंभर किलोमीटरचा. एसटीच्या खिडकीतून पाहिले तर सगळे टॉवर सारखेच दिसतात. पण पोफळीहून घाट चढून देशावर उतरणाऱ्या २२० केव्हीच्या (किलोव्होल्ट) वीजलाईनीला एवढ्याच अंतरात तीन तऱ्हेची हवा सोसावी लागते: खाली कोकणचा दमटपणा, मध्ये कुंभार्लीचा वारा आणि धुके, पलीकडे पाटण-कराडच्या शिवारातला धूर. लाईनीची दुखणीही त्याप्रमाणे बदलतात. ही लाईन ड्रोनने तपासायचा दौरा पाच दिवसांचा. ड्रोन पाचही दिवस तोच असतो. त्याने कुठे काय बघायचे हे मात्र दर मुक्कामाला नव्याने ठरवावे लागते. उडवणे आठवड्यात शिकता येते. हे ठरवणे तेवढ्यात येत नाही.

दौऱ्याला जानेवारी उत्तम. आकाश स्वच्छ असते, गवत वाळलेले असते, ऊसतोड जोरात असते.

पहिला दिवस: चिपळूण, अलोरे, पोफळी

पहिली सकाळ कागदांतच जाते, आणि जायलाच हवी. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे २ ते २५ किलोचा ड्रोन ‘स्मॉल’ वर्गात येतो; या कामाचे बहुतेक ड्रोन त्याच वर्गातले. ड्रोनला नोंदणी क्रमांक, चालवणाऱ्याला रिमोट पायलट प्रमाणपत्र, आणि उड्डाणाच्या दिवशी सरकारी नकाशा उघडून आपण हिरव्या, पिवळ्या की लाल पट्ट्यात आहोत याची खात्री, एवढे किमान. हिरव्या पट्ट्यात १२० मीटर उंचीपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. लाईनीच्या कामाला मात्र तेवढ्याने भागत नाही. धरण आणि वीजगृहाच्या आसपास तिथल्या सुरक्षा यंत्रणेचे लेखी पत्र, जंगलातल्या टॉवरांसाठी वनविभागाचे पत्र, पोलीस ठाण्याला कळवलेले, आणि दोन्ही टोकांच्या उपकेंद्रांना वेळ कळवलेली, असे सगळे हातात असल्याशिवाय पेटी उघडू नये.

उपकेंद्राला फोन हा शिष्टाचार नव्हे. लाईनीला ऑटो-रिक्लोज असते. वीज पडून लाईन ट्रिप झाली, म्हणजे बंद पडली, की सेकंदभरात ब्रेकर (लाईन जोडणारा-तोडणारा स्विच) आपोआप पुन्हा चढतो, कारण बहुतेक दोष क्षणिक असतात. तारांत अडकलेला ड्रोन क्षणिक नसतो. म्हणून उड्डाणाच्या वेळेपुरते ऑटो-रिक्लोज बंद करून घ्यायचे आणि काम संपल्यावर चालू करायला सांगायचे. दुसरा फोन राहिला, तर नंतरच्या एखाद्या क्षणिक ठिणगीनेही लाईन उतरते आणि उतरलेलीच राहते.

गाडीत काय असते: झूम कॅमेरा आणि थर्मल कॅमेरा असलेला ड्रोन, बॅटऱ्यांचे सहा संच, पंख्यांच्या जादा जोड्या, वारामापक, लेझर अंतरमापक, दुर्बीण, दोन वॉकीटॉकी (घाटात मोबाइलच्या रेंजवर विसंबू नये) आणि टॉवर शेड्यूल. हा शेवटचा कागद सगळ्यात मोलाचा. कोणता टॉवर सस्पेन्शनचा (तार नुसती टांगलेली), कोणता टेन्शनचा (तार दोन्हीकडून ताणून बांधलेली), स्पॅन म्हणजे दोन टॉवरांमधला टप्पा किती मीटरचा, तारेची वीज टॉवरमध्ये उतरू न देणाऱ्या इन्सुलेटरच्या डिस्क किती, हे त्यावर असते. २२० केव्हीच्या उभ्या सस्पेन्शन माळेत साधारण १३-१४ डिस्क, टेन्शनच्या आडव्या माळेत एखादी जास्त. शेड्यूल न वाचता काढलेले फोटो नंतर कोणत्या टॉवरचे तेच कळत नाही.

उड्डाणाची जागा टॉवरपासून २०-३० मीटर दूर असावी. होकायंत्र गाडीजवळ, लोखंडी सळ्यांच्या काँक्रीटवर किंवा टॉवरच्या पायाशी कॅलिब्रेट केले, तर चुकीचे वाचन पक्के होऊन बसते आणि वर गेल्यावर ड्रोन गोल गोल भरकटायला लागतो. तारेपासून ५ मीटरच्या आत जायचे नाही, आणि नेहमी वाऱ्याच्या पडत्या बाजूने काम करायचे. मोटर बंद पडली तरी वारा ड्रोनला तारेपासून दूर नेईल. अडथळे ओळखणाऱ्या सेन्सरवर भिस्त ठेवू नये. त्यांना टॉवर दिसतो, सेंटिमीटरभर जाडीची अर्थवायर (आकाशातली वीज झेलणारी तार) बहुधा दिसत नाही, आणि ती नेमकी सगळ्यात वर असते. तारांवरून पलीकडे जाताना आधी टॉवरच्या शेंड्याएवढी उंची गाठून, त्यावर किमान १० मीटर ठेवून, टॉवरच्याच रेषेत ओलांडायचे. स्पॅनच्या मध्यावर कधीही नाही.

फोटोंचा क्रम ठरलेला असतो: आधी टॉवरच्या नंबरची पाटी, मग संपूर्ण टॉवर, मग अर्थवायरचा क्लॅम्प, मग वरून खाली एकेक क्रॉसआर्म (टॉवरचा आडवा हात) आधी डावीकडे, मग उजवीकडे, शेवटी पाया आणि पुढचा-मागचा स्पॅन. दुहेरी सर्किटच्या (एकाच टॉवरवर दोन लाईनी) सस्पेन्शन टॉवरला २५-३० फोटो, टेन्शनला ५०-६०.

इथेच अनेक कामे फसतात. एक इंची सेन्सरच्या, २० मेगापिक्सेलच्या साध्या वाइड कॅमेऱ्याने १० मीटरवरून फोटो काढला, तर एक पिक्सेल सुमारे २.७ मिलिमीटरचा पडतो. आपण शोधतो ती स्प्लिट पिन (जोड सुटू नये म्हणून पाय फाकवून अडकवलेली) ३-४ मिलिमीटर जाडीची. म्हणजे पिन आहे की नाही, हे दीड पिक्सेलवर ठरवायचे! चौपट झूम घेतले की पिक्सेल ०.७ मिलिमीटरवर येतो, मग पिन, तिचे फाकवलेले पाय, बोल्टवरची नट सगळे दिसते. शटर १/१००० सेकंद किंवा त्याहून जलद ठेवायचे. आकाश मागे असताना लोखंड काळे पडते, म्हणून एक्स्पोजर थोडे वाढवायचे. आणि फोकस बोटाने हार्डवेअरवर टेकवायचा, नाहीतर कॅमेरा मागचा डोंगर रेखीव टिपतो आणि पुढची माळ धूसर.

अलोरे-पोफळीच्या पट्ट्यात मुख्य शत्रू गंज आणि झाडे. पिना, बोल्ट, डिस्कच्या टोप्या यांवरचा गंज वरून छान दिसतो. पण टॉवरचा पाय काँक्रीटमधून बाहेर येतो तिथे, माती आणि ओलाव्याच्या संगमावर, गंज सगळ्यात खोल जातो आणि ड्रोनला तिथे फक्त गवत दिसते. तेवढ्यासाठी कोयता घेऊन माणसानेच जायचे. आंबा, काजू आणि मुख्यतः बांबू तारेकडे सरकतात. २२० केव्हीला झाड आणि तार यांत किमान ४.६ मीटर अंतर हवे. बांबू एका पावसाळ्यात ते खाऊन टाकतो, म्हणून बांबूच्या बेटाला ‘सध्या ठीक’ असा शेरा कधी देऊ नये.

दुसरा दिवस: कुंभार्ली घाट

घाटात सकाळी धुके, अकरानंतर वारा. कामाची खिडकी मधली दोन-अडीच तासांची. ड्रोनच्या माहितीपत्रकात १२ मीटर प्रतिसेकंद वारा चालतो असे लिहिलेले असते. तारांजवळ ८ ला थांबावे. कड्याला थडकलेला वारा उसळून वर येतो आणि टॉवरच्या मागे भोवरा करतो, तो खालच्या वारामापकावर दिसत नाही. बॅटरीच्या पत्रकातली ४० मिनिटे घाटात २२-२५ होतात. ३० टक्के उरली की खाली.

घाटातला सगळ्यात घातक दोष वाऱ्याचा नाही, सेटिंगचा आहे. सिग्नल तुटला की ड्रोन ‘घरी परत’ या आज्ञेवर जातो: आधी ठरलेल्या उंचीपर्यंत सरळ वर, मग आडवा, मग खाली. ही उंची उड्डाणाच्या जागेपासून मोजलेली असते. दरीत उभे राहून तारेच्या खालचा पाया तपासत असताना सिग्नल गेला, तर ड्रोन थेट डोक्यावरच्या तारेत चढतो. म्हणून अशा ठिकाणी सिग्नल तुटल्यावर ‘जागीच थांब’ ही आज्ञा द्यायची, निरीक्षकाने कड्यावर उभे राहून ड्रोन आणि तार यांच्यातल्या अंतरावर नजर ठेवायची, आणि तारेच्या बरोबर खालून ड्रोन अजिबात सरळ वर चढवायचा नाही. १२० मीटरची मर्यादा जमिनीपासून मोजतात. खोल दरी ओलांडणाऱ्या तारेखाली जमीनच दीडशे मीटर खाली असू शकते. अशा स्पॅनला कड्यांच्या दोन्ही बाजूंनी झूम लावून बघायचे, मधोमध जायचे नाही.

शोधायचे काय? तर थरथर. वादळाने तारा तुटतात हे खरे, पण त्यांना आतून झिजवतो तो संथ, एकसारखा वारा. २२० केव्हीवर नेहमी दिसणारी ‘झेब्रा’ तार २८.६२ मिलिमीटर व्यासाची असते. सेकंदाला ३ मीटरच्या वाऱ्यात ती सुमारे १९ वेळा थरथरते. दिवसेंदिवस. क्लॅम्पच्या तोंडाशी ॲल्युमिनियमची एकेक लड तुटत जाते. ही थरथर शोषायला क्लॅम्पपासून दीडेक मीटरवर डंबेलच्या आकाराचा डँपर बसवलेला असतो. त्याचा बोल्ट सैल झाला की तो घसरत स्पॅनच्या मध्याकडे जातो आणि तिथे त्याचा काही उपयोग नाही. म्हणून घाटात प्रत्येक टॉवरवर तीन गोष्टी: डँपर जागेवर आहे का, त्याचे दोन्ही लोंबते गोळे सरळ आहेत का, आणि क्लॅम्पच्या तोंडाशी एखादी लड उसवून वर आली आहे का. उसवलेली लड आकाशाच्या पार्श्वभूमीवर, किंचित खालून काढलेल्या फोटोतच दिसते. वरून काढला तर ती जंगलात विरते.

वळवाच्या विजांचे डागही इथेच. डिस्कच्या चकचकीत लेपावर करड्या-पांढऱ्या भाजल्याच्या खुणा, आर्किंग हॉर्नच्या (माळ वाचवायला ठिणगी स्वतःवर घेणारे धातूचे शिंग) टोकाला वितळलेला थेंब. डिस्क फुटलेली नसेल तर हा दोष लगेच बदलायचा नसतो, पण लागोपाठच्या टॉवरांवर खुणा दिसल्या तर तिथले अर्थिंग मोजायला सांगावे. कातळात अर्थिंग वाईटच असते.

आणि आग्या मोहोळ. क्रॉसआर्मच्या खाली लटकलेले काळे पोळे दुर्बिणीतून आधी शोधायचे. पंख्यांच्या आवाजाने माश्या उठल्या तर ड्रोनला काही होत नाही, खाली उभ्या माणसांना होते. पोळे दिसले की तो टॉवर दूरवरून झूमने उरकायचा. शिकारी पक्ष्यांचे घरटे असेल तरी तेच. घार झडप घालायला आली तर आधी तारेपासून बाहेर सरकायचे, मग वेगाने वर. ती वरून झेपावते, खालून नाही. या पट्ट्याच्या उत्तरेला कोयना अभयारण्य, दक्षिणेला चांदोली, दोन्ही मिळून २०१० मध्ये जाहीर झालेला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. घरटे नोंदवायचे, हलवायचे नाही. ते काम वनविभागाला विचारूनच.

तिसरा दिवस: हेळवाक, कोयनानगर

हा दिवस थर्मलचा, आणि त्याचे वेळापत्रक ड्रोनवाला ठरवत नाही. कोयना प्रकल्पाची एकूण क्षमता सुमारे १,९६० मेगावॉट. पाणी मोजून मिळते, म्हणून ते प्रामुख्याने राज्याची मागणी चढते तेव्हा वापरले जाते: सकाळी आणि संध्याकाळी. दुपारी लाईनीवर भार नसेल, तर सैल जोडही थंड दिसतो. जोडात निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. निम्म्या भाराला १० अंश जास्त तापलेला जोड पूर्ण भाराला ४० च्या आसपास जाऊ शकतो. म्हणून आदल्या दिवशीच उपकेंद्रामार्फत भाराचा अंदाज घ्यायचा आणि सूर्य वर यायच्या आत, सात ते नऊ या वेळात, टेन्शन टॉवर उरकायचे. प्रत्येक टॉवरच्या वेळी किती अँपिअर वाहत होते, हे लिहिले नसेल तर थर्मल फोटो नुसताच रंगीत.

अंतराचे गणित इथे आणखी कडक. ६४० बाय ५१२ पिक्सेलचा, १३ मिलिमीटर लेन्सचा थर्मल कॅमेरा १० मीटरवरून ९ मिलिमीटरचा पिक्सेल देतो. तापमान विश्वासाने वाचायला वस्तूवर किमान ३ बाय ३ पिक्सेल हवेत, म्हणजे २७-२८ मिलिमीटर. झेब्रा तार नेमकी तेवढीच जाड! १५ मीटरवर गेलात की तारेच्या पिक्सेलमध्ये मागचे थंड आकाश मिसळते आणि तापलेला जोड दहा-वीस अंशांनी कमी दिसतो. ‘सर्व ठीक’ असे लिहिलेल्या कितीतरी अहवालांच्या मुळाशी हे पाच मीटर असतात.

दुसरी फसगत चकाकीची. नवे ॲल्युमिनियम आरशासारखे वागते. कॅमेरा त्याचे नव्हे, त्यात पडलेल्या आकाशाचे तापमान वाचतो. जुनी, काळवंडलेली तार बरी. म्हणून एका आकड्यावर विसंबायचे नाही. तिन्ही फेजचे तेच जोड एकाच अंतरावरून, एकाच कोनातून बघायचे आणि फरक मोजायचा. दाबून बसवलेला जोड तारेपेक्षा जाड असतो, म्हणून निरोगी जोड तारेपेक्षा थंड दिसायला हवा. तो तारेइतकाच गरम असेल तर दुखणे सुरू झाले आहे. तारेपेक्षा गरम असेल तर पुढच्या आउटेजची (ठरवून लाईन बंद ठेवण्याची) वाट बघू नये. जंपरचे (टेन्शन टॉवरवर दोन्हीकडच्या तारा जोडणारा तुकडा) बोल्ट-जोड सगळ्यात आधी तपासावेत, बहुतेक तापलेले जोड तिथेच सापडतात. वारा ५ मीटर प्रतिसेकंद असेल तर फरक निम्म्याहून कमी दिसतो. वाऱ्याचा आकडाही लिहायचा.

पॉलिमर इन्सुलेटर असतील तिथे तारेकडच्या टोकाला एक-दोन अंशांची ऊबही गंभीर समजावी. आत पाणी शिरून गाभ्याची कांडी कुजत असल्याची ती खूण असू शकते. उलट चिनी मातीची आतून निकामी झालेली डिस्क शेजारणींपेक्षा किंचित थंड असते, आणि हा फरक ड्रोनवरून पकडता येईलच असे नाही. तिथे इन्सुलेटर टेस्टर घेऊन माणूस चढवणे अजून सुटलेले नाही. ड्रोनने चढणे संपवले, असे म्हणणाऱ्यांनी कधी डिस्क तपासलेली नसते.

चौथा दिवस: पाटण

पाटणच्या आसपास नजर खाली. २०२१ च्या जुलैत याच तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या. उतारावरच्या टॉवरचा पाया वरून बघताना तीन खुणा शोधायच्या: वरच्या अंगाला चंद्रकोरीसारखी जमिनीची भेग, खालच्या अंगाला वाहून गेलेली माती आणि उघडा पडलेला काँक्रीटचा खांब, आणि झुकलेली झाडे. पाय हलला की टॉवरच्या तिरप्या पट्ट्यांपैकी एखादी वाकते. सरळ समोरून काढलेल्या फोटोत रेघ सुरीसारखी सरळ हवी.

लायडारचे, म्हणजे लेझरने अंतर मोजणाऱ्या यंत्राचे, काम इथेच. साध्या फोटोंतून बनवलेल्या त्रिमिती नकाशात जमीन आणि झाडे छान येतात, तार हरवते. लायडारला तार सापडते. तारेच्या ३०-४० मीटर वरून, सेकंदाला ५ मीटर वेगाने, चौरस मीटरला शंभराहून जास्त बिंदू मिळतील असे उडवायचे. पण थंडीतल्या सकाळी मोजलेला झोळ (तारेची मधली लोंबण) हा सगळ्यात कमी झोळ. साडेतीनशे मीटरच्या स्पॅनमध्ये झेब्रा तार २० अंशांवरून ७५ वर गेली की झोळ दीड ते दोन मीटरने वाढतो. सकाळी झाडापासून ६ मीटरवर दिसणारी तार मे महिन्यातल्या भाराला ४.६ च्या आत येते. मोजणीची वेळ, हवेचे तापमान आणि भार नोंदवून गणिताने तार खाली आणल्याशिवाय अंतराचा तक्ता कोणालाही देऊ नये. वाऱ्याने बाजूला झुलणारी तार वेगळी मोजायची. उतारावर बाजूची जमीनच तारेजवळ येते.

दरीवरची अर्थवायर बदलायची असेल तर ड्रोन इथे तपासणीपलीकडे उपयोगी पडतो. लाईन बंद करून दोन्ही बाजूंना अर्थ केल्यावरच, ड्रोन २ मिलिमीटर जाडीची डायनीमाची दोरी पलीकडच्या टॉवरवर नेतो. ६०० मीटर दोरीचे वजन दीड किलोच्या आत बसते, पण रीळ अडकले की ओढ अचानक कित्येक किलोची होते, म्हणून दोरी ड्रोनला बांधायची नाही. बटणाने सुटणाऱ्या हुकाला लावायची. दोरीच्या टोकाला अर्धा किलोचे वजन हवे, नाहीतर सुटल्यावर ती वाऱ्याने पंख्यांत येते. मग त्या दोरीने ८ मिलिमीटरची, तिने १२ ची, तिने पोलादी पायलट वायर, आणि शेवटी अर्थवायर. ओली दोरी वीज वाहते. शेजारचे सर्किट चालू असेल तर दवाने भिजलेली दोरीही हातमोज्यांशिवाय धरू नये.

पाचवा दिवस: मल्हारपेठ, कराड

आता सपाटी, काम भराभर. कराडजवळ विमानतळाची धावपट्टी आहे, म्हणून सकाळी नकाशा पुन्हा उघडायचा. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात परवानगीशिवाय ६० मीटरपर्यंतच मुभा. त्याहून जवळ आधी मंजुरी. इथले दुहेरी सर्किटचे टॉवर साधारण ३५-४० मीटरचे, त्यामुळे ६० त भागते.

ऊसपट्ट्यातले दुखणे आगीचे. तोड झाल्यावर पाचट पेटवले की ज्वाळेने हवा तापून विरळ होते, धुरातले काजळीचे कण तिला आणखी दुबळी करतात, आणि खालच्या फेजवरून जमिनीकडे ठिणगी उडते. लाईन ट्रिप होते. तासाभराने पेट्रोलिंगला माणूस जातो तेव्हा आग विझलेली. ड्रोनने खालच्या तारेवर चकाकणारे वितळलेले ठिपके, खालच्या डिस्कवर काजळी आणि खाली जळालेला चौकोन, तिन्ही एकत्र मिळाले की कारण सिद्ध. वीटभट्ट्या आणि तारेखाली उभे राहिलेले पत्र्याचे गोठे यांची जागा याच फेरीत टिपायची.

संक्रांतीनंतर मांजा. तारेवर लोंबणारा नायलॉनचा मांजा कॅमेऱ्यात दिसत नाही, पंख्यात मात्र लगेच गुंततो. पतंगाचा सांगाडा दिसला की त्याच्या खाली आणि वाऱ्याच्या दिशेने २० मीटर जायचे नाही. गावालगत टॉवरचे खालचे अँगल चोरीला जातात. चारही बाजू तिरप्या कोनातून काढून एकमेकींशी ताडल्या तरच गायब पट्टी लक्षात येते. एकाच बाजूच्या फोटोत पलीकडची पट्टी रिकाम्या जागेत दिसते आणि सगळे जागेवर वाटते.

संध्याकाळी फोटो. टॉवरमागे ४० फोटो, प्रत्येकी १० एमबी. दिवसाचे डझनभर टॉवर म्हणजे ५ जीबीच्या आसपास. गाडी सोडण्याआधी दोन प्रती. दोष ओळखणारे सॉफ्टवेअर फुटलेली डिस्क आणि घरटे चांगले पकडते, पण नटमागे लपलेली पिन ‘गायब’ म्हणते आणि सावलीला गंज. त्याने ‘गायब’ म्हटलेली प्रत्येक पिन दुसऱ्या कोनातल्या फोटोत माणसाने बघायची. म्हणूनच प्रत्येक जोडाचे दोन कोन घ्यायचे.

यादी तीन भागांत देतात. त्याच दिवशी फोनवर सांगायचे: बाहेर सरकलेली पिन, तारेपेक्षा गरम जोड, ४.६ मीटरच्या आतले झाड, हललेला पाया. पुढच्या आउटेजला: तुटक्या लडी, घसरलेले डँपर, फुटक्या डिस्क. वार्षिक कामात: गंज, पाट्या, अँगल. दुरुस्ती झाली की त्याच टॉवरचा त्याच कोनातून फोटो पुन्हा काढतात, आणि त्यात नवी पिन दिसणे पुरेसे नसते. तिचे दोन्ही पाय फाकवलेले दिसले पाहिजेत. नुसती सरकवलेली पिन घाटातल्या थरथरीने पुढच्या पावसाळ्याआधीच खाली पडते.